‘लाइटवेट’ लँड रोव्हर: ब्रिटिश सैन्याचा अर्ध्या टनाचा ट्रक घरच्या गॅरेजात पुन्हा उभा करताना

ब्रिटिश सैन्याच्या कागदोपत्री या गाडीला ‘ट्रक, युटिलिटी, हाफ टन’ म्हणतात, लोकांच्या तोंडी ती ‘लाइटवेट’. १९६८ ते १९८४ या काळात इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यात ती तयार झाली. १९७२पर्यंतची सिरीज टू-ए आणि त्यानंतरची सिरीज थ्री. वेसेक्स हेलिकॉप्टरखाली टांगून नेता यावी म्हणून दारं, टप, काच, बंपर आणि मागच्या हौद्याचा वरचा भाग चटकन उतरवता येईल अशी तिची रचना केली. हे सगळं जोडलेलं असताना मात्र ती साध्या ८८ इंची (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) लँड रोव्हरपेक्षा जडच भरते. नाव ‘लाइटवेट’ पडलं ते उतरवल्यानंतरच्या वजनावरून.

घरी काम करणाऱ्यासाठी हिच्याइतका सोयीचा लष्करी ट्रक दुसरा नाही. रुंदी जेमतेम १.५२ मीटर आणि लांबी पावणेचार मीटरच्या आत, त्यामुळे ब्रिटनमधल्या साध्या एका गाडीच्या गॅरेजात ती मावते आणि दोन्ही बाजूंनी माणूस फिरू शकतो. तीन टनी बेडफर्ड ट्रकचं एक चाक हलवायला दोन माणसं लागतात. इथे इंजिन सोडलं तर बहुतेक सगळं एकटा माणूस उचलतो. ज्यांचा हात जुन्या महिंद्रा जीपवर बसलेला आहे त्यांना पाटे (पानांच्या स्प्रिंगा), ड्रम ब्रेक, ट्रान्स्फर बॉक्सचे (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) दोन जादा दांडे हे सगळं ओळखीचंच वाटेल.

फसगत होते ती याच सोयीमुळे. गाडी खोलायला दोन शनिवार-रविवार पुरतात. मग डब्यांमध्ये बोल्ट, भिंतीला टेकवलेले पत्रे आणि मधोमध गंजकी चासी अशा अवस्थेत ती वर्षानुवर्षं पडून राहते आणि शेवटी ‘अर्धवट प्रोजेक्ट’ म्हणून विकली जाते. म्हणून या लेखातला क्रम एका गोष्टीभोवती बांधला आहे: जे मोजलं नाही ते सोडवायचं नाही, आणि एक कोपरा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

विकत घेण्यापूर्वी: हातोडी, टॉर्च आणि जुनी चादर

रंगाकडे बघू नका. चादर अंथरून गाडीखाली झोपा आणि छोट्या हातोडीनं चासी वाजवत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द बोलतो. चासी सुमारे २ मिलिमीटर पत्र्याची पेटी आहे आणि ती आतून बाहेर गंजते. बाहेर जाड काळा रंग आणि आत भुसा, हे नेहमीचं दृश्य. मागचा आडवा क्रॉसमेंबर, मागच्या पाट्यांच्या वरचा भाग, बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) ज्यावर टेकतो ते दोन आउटरिगर (चासीतून बाजूला निघणारे आधार) आणि टाक्यांना आधार देणारे आउटरिगर या चार ठिकाणी गंज हमखास असतो. फक्त क्रॉसमेंबर आणि आउटरिगर गेले असतील तर घरी बदलता येतात. मुख्य दोन पेट्यांनाच तीन-चार ठिकाणी भोकं असतील, तर नवी गॅल्व्हनाइज्ड चासी घेणं शहाणपणाचं. ठिगळावर ठिगळ लावण्यात जाणारे तास आणि गॅस मोजले तर ती महाग पडत नाही.

चासी नंबर पुढच्या उजव्या पाट्याच्या हँगरवर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशनं घासा, खडू फिरवा, फोटो काढा. बल्कहेडवरच्या पाटीशी आणि कागदाशी तो जुळला पाहिजे. लष्करी नंबर दोन अंक, दोन अक्षरं, दोन अंक असा असतो आणि रंगाच्या थराखाली पुष्कळदा त्याच्या खुणा सापडतात. सैन्याबाहेर कधीच नोंदणी झाली नसेल तर ब्रिटनमध्ये ‘व्ही ५५/५’ हा अर्ज भरावा लागतो. त्यासाठी सैन्यानं गाडी विकताना दिलेला कागद विक्रेत्याकडून आधी घ्या, पैसे नंतर द्या.

बल्कहेडला भारतीय मेकॅनिक फायरवॉल म्हणतात. तो पोलादी आहे, बाकीची बॉडी अॅल्युमिनियमची. पाय ठेवायच्या जागेचे कोपरे, दाराच्या खांबांची खालची टोकं आणि काचेखालच्या हवेच्या झडपांचे कोपरे बोटानं दाबून बघा. खांबाचं खालचं टोक गेलं असेल तर काम बरंच वाढतं, कारण दाराचा सगळा मेळ त्यावर असतो.

गाडी बारा व्होल्टची आहे की चोवीस, हेही आत्ताच पाहा. वायरलेस बसवण्यासाठी बनवलेल्या गाड्या चोवीस व्होल्टच्या. पुढच्या दोन सीटांच्या मधे बॅटऱ्यांची पेटी, मोठा अल्टरनेटर आणि धातूच्या आवरणातल्या प्लगच्या वायरी दिसल्या की ती ओळखावी. तिचे प्लग, डिस्ट्रिब्युटर, कॉइल सगळं वेगळं आणि महाग असतं. पहिल्यांदाच काम करत असाल तर बारा व्होल्टची साधी गाडी घ्या. चोवीस व्होल्टची मिळालीच तर ती बारावर आणू नका. अख्खी टिकलेली वायरलेस गाडी आता कमी दिसते, तिचं मूळ रूप जपण्यासारखं आहे.

हत्यारं आणि जागा

सगळे बोल्ट इंची मापाचे. ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ११/१६ आणि ३/४ इंची रिंग पाने आणि सॉकेट एवढ्यात बहुतेक काम होतं. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतोय’ म्हणून लावला की कोपरे गोल झालेच म्हणून समजा. चाकाच्या नटाला १ १/१६ इंची सॉकेट लागतो (२७ मिलिमीटरचा चालतो), हबच्या नटाला ५२ मिलिमीटरचा बॉक्स पाना. छिन्नी-हातोड्यानं हबचा नट फिरवलेला दिसला तर आतल्या बेअरिंगवरही तसेच संस्कार झाले असणार.

याशिवाय टॉर्क पाना, डायल गेज, फीलर गेज, दोन टनी ट्रॉली जॅक, किमान चार भक्कम स्टँड, एक टनी घडीची क्रेन आणि ०.८ व ०.६ मिलिमीटर तार चालणारं मिग वेल्डिंग यंत्र. यंत्र आणि क्रेन भाड्यानं मिळतात. स्टँड मात्र स्वतःचे आणि चांगले घ्या, त्यांच्याखाली तुमचं डोकं असणार आहे. सैन्याची दुरुस्तीची पुस्तकं ‘ईएमईआर’ नावानं ओळखली जातात, त्यांच्या प्रती मिळतात. कारखान्याच्या मॅन्युअलसोबत तीही जवळ ठेवा, कारण टाक्या, दिवे आणि वायरिंग नागरी गाडीपेक्षा वेगळं आहे.

दोन धोके आधीच सांगणं गरजेचं आहे. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडला की हवेनं फुंकू नका, पाण्याचा फवारा मारा, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधा. जुन्या हिरव्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. पाण्यानं भिजवून पॉलिश पेपर फिरवा आणि चांगला मास्क लावा. घरात लहान मुलं असतील तर कामाचे कपडे गॅरेजातच उतरवावेत.

आधी इंजिन फिरवून बघा

२२८६ सीसीचं चार सिलिंडरचं हे पेट्रोल इंजिन फार सोशिक आहे. वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिनही पुष्कळदा चालतं, पण थेट स्टार्टर मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल घाला आणि दोन दिवस थांबा. मग पुढून हँडल घालून हातानं फिरवा. या गाडीला अजून हँडलची सोय आहे, तिचा फायदा घ्या. फिरत नसेल तर जोर करू नका, आणखी तेल घालून चार दिवस थांबा. इंजिन फिरताना रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह वरखाली होताहेत ना पाहा. एखादा अडकलेला असताना हँडल जोरात फिरवलं तर त्याचा पुशरॉड वाकतो.

मोकळं झालं की तेल बदला (पेंदात ६ लिटर, फिल्टरसाठी साधारण पाऊण लिटर वेगळं, २०डब्ल्यू-५० प्रतीचं). प्लग न लावता तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, म्हणजे बेअरिंगना कोरडा मार बसत नाही. नंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडू नका. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

टॅपेटचं (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं) अंतर सगळ्यांना ०.२५ मिलिमीटर. लावायची सोपी रीत: पुढून मोजत व्हॉल्व्हना १ ते ८ नंबर द्या. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा. बेरीज नेहमी नऊ. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगचं ०.७५ ते ०.८०, फायरिंगचा क्रम १-३-४-२. हेड उतरवलं असेल तर अर्ध्या इंची बोल्टना मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं ६५ पौंड-फूट, म्हणजे ८८ न्यूटन-मीटर द्या.

झेनिथ कार्ब्युरेटरचं एक दुखणं ठरलेलं आहे. वरचं झाकण उष्णतेनं वाकतं आणि आतली रबरी गोल रिंग बसकी होते. मग पेट्रोल भलत्या वाटेनं जातं, इंजिन काळा धूर सोडतं, आयडलवर टिकत नाही, आणि माणूस स्क्रू फिरवून थकतो. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून झाकणाचा पृष्ठभाग आठच्या आकड्यासारखा फिरवत सपाट करा आणि रिंग नवी घाला. ब्रिटनमध्ये २०२१पासून साधं पेट्रोल ई-१० झालं आहे. त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि चिरतं, म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि शक्यतो कमी इथेनॉलचं ई-५ भरा.

इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडावर, फ्लायव्हीलच्या घराच्या तळाला एक छोटं भोक आहे. पाण्यातून जाताना त्यात बूच लावायचं, एरवी काढून ठेवायचं. ते कायम लावलेलं असेल तर आत तेल साचून क्लच घसरतो. बूच काढा, खाली कागद ठेवा, रात्रभर थांबा. इंजिनच्या तेलाचा थेंब काळा आणि पातळ, गिअरबॉक्सचा जाड आणि उग्र वासाचा. कोणतं सील गेलं हे त्या कागदावरच कळतं.

गाडी चालत असेल तर खोलण्यापूर्वी आवारात चारही गिअरमध्ये फिरवा. गिअर आपोआप सुटतो का, ट्रान्स्फर बॉक्स ओरडतो का, हे आत्ता टिपून ठेवलं नाही तर पुन्हा जोडल्यावरच कळेल.

खोलणं

क्रम असा ठेवा: टप आणि दारं, काच, फरशीचे पत्रे व गिअरबॉक्सवरचं झाकण, सीटचा पाया, पुढची मडगार्डं, रेडिएटरची चौकट, मागचा हौदा, शेवटी बल्कहेड. पेट्रोलच्या दोन टाक्या सीटखाली आहेत, प्रत्येकी सुमारे ४५ लिटरची. त्या सगळ्यात आधी रिकाम्या करून घराबाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. ठिणगी उडवणारं कोणतंही काम टाकी गॅरेजात असताना करू नका, आणि टाकीला घरी वेल्डिंग तर कधीच नाही.

प्रत्येक भागाचे चार फोटो काढा: दोन बाजूंनी, एक वरून, एक बोल्टांचा. पिशव्यांवर नाव लिहा. ‘इतर’ नावाची पिशवी करू नका. जुने बोल्ट फेकू नका, कुठे किती लांबीचा होता हे त्यांच्यावरूनच कळतं.

पोलाद आणि अॅल्युमिनियम जिथे भिडतात तिथे पांढरी भुकटी दिसेल. ओल शिरली की दोन धातूंमध्ये विजेची साखळी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजतं. परत जोडताना प्रत्येक सांध्यात जिंकयुक्त जोडपेस्ट किंवा पातळ रबर-नायलॉनची वायसर घाला. या दहा मिनिटांच्या कामावर बॉडीची पुढची वीस वर्षं ठरतात.

चासी आणि बल्कहेड

मापाचा नियम इथे सर्वांत कडक. कापण्यापूर्वी चासी चार स्टँडवर पाणसळीनं सपाट करा. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि त्याच्या उलट असे दोन कर्ण मोजा. दोन्ही सारखे यायला हवेत. फरक ५ मिलिमीटरच्या वर असेल तर गाडी कधीतरी धडकलेली आहे. बल्कहेड आणि आउटरिगर एकाच वेळी कधीही काढू नका. एक आउटरिगर कापायचा, नवा टाके मारून ठेवायचा, बल्कहेडच्या पायाचा लांब बोल्ट त्यातून सरळ जातो का बघायचं, दारं तात्पुरती टांगून फट तपासायची, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. दोन्ही आउटरिगर एकदम कापल्यावर दारांची फट नंतर कशानंही येत नाही. या गाडीवर घरी होणाऱ्या चुकांमध्ये हीच सर्वांत महागडी.

चासीला २ ते २.५ मिलिमीटरचा पत्रा आणि ०.८ची तार, बल्कहेडला १.२चा पत्रा आणि ०.६ची तार. गंज चांगल्या धातूपर्यंत कापून काढा. ठिगळ कुजलेल्या कडेला जोडलं तर टाका वितळून भोक मोठं होतं. एका दमात लांब शिवण मारू नका. एका बाजूला २५ मिलिमीटर, मग समोर २५, मग थंड होऊ द्यायचं. नाहीतर पेटी केळ्यासारखी वाकते. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा आधी सोडा.

गॅल्व्हनाइज्ड चासीवर वेल्डिंग करावं लागलं तर त्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि दार उघडं ठेवा. जस्ताचा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. नवी चासी रंगवायची असेल तर आधी जस्तासाठीचा अॅसिडयुक्त धुवायचा द्रव लावा. नाहीतर रंग पहिल्या हिवाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो.

दुरुस्त केलेल्या चासीच्या आतून मेणासारखा गंजरोधक फवारा, पण सगळं वेल्डिंग संपल्यावरच. आधी फवारलात तर पुढच्या टाक्याला तो पेट घेतो.

पाटे, हब आणि स्विव्हल

पाट्यांच्या पानांमध्ये गंज फुगला की पानं एकमेकांपासून उचलली जातात आणि गाडी दगडासारखी आपटते. पाटा खोला, प्रत्येक पान घासा, ग्राफाइटचं ग्रीस लावा, परत बांधा. पान पातळ झालं असेल किंवा त्याला तडा असेल तर अख्खा पाटा बदला. चालकाच्या बाजूच्या पाट्याला थोडा जास्त बाक असतो, अदलाबदल झाली तर गाडी एका अंगाला झुकते.

चासीतली बुशं निघता निघत नाहीत. आधी मधला रबर ड्रिलनं पोखरा, मग उरलेल्या लोखंडी नळीत हॅकसॉचं पातं घालून लांबीनं एक काप द्या, चासीला न लागेल इतकाच. छिन्नीनं नळी आत दुमडली की बाहेर येते. नवी बुशं बसवल्यावर शॅकलचे (पाटा चासीला टांगणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट हवेत लटकलेल्या गाडीवर आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, वजन पडू द्या, चार पावलं पुढे-मागे ढकला, मग आवळा. आधीच आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. शॅकलच्या एका पट्टीत आटे आहेत. बोल्ट आधी तिच्यात आवळायचा आणि मग वरचा लॉकनट.

पुढच्या चाकांमागचे क्रोमचे मोठे गोळे म्हणजे स्विव्हल. त्यावरून नख फिरवा. खड्ड्यात नख अडकलं तर नवं सील घालून उपयोग नाही, गोळाच बदला. वरची पिन तंतुमय बुशीत आणि खालची बेअरिंगवर फिरते. शिम (पातळ चकत्या) काढून-घालून स्विव्हल फिरवायला लागणारी ओढ मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा आणि ती सील चढवण्यापूर्वी स्प्रिंगच्या तराजूनं मोजा. ती ढिली राहिली तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग हातात थडथडतं, आणि मग लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात.

हबच्या बेअरिंगला ०.१० ते ०.१५ मिलिमीटर मोकळीक हवी. डायल गेज ड्रमवर चुंबकानं चिकटवा, हब आत-बाहेर ओढा. आधी आतला नट घट्ट आवळून हब फिरवत बेअरिंग बसवायचं, मग सोडून मोकळीक लावायची. बाहेरचा नट आवळल्यावर मोकळीक कमी होते, म्हणून पुन्हा मोजा. चाकाचे नट ७५ ते ८५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे १०० ते ११५ न्यूटन-मीटर.

तेलाची मापं: गिअरबॉक्स १.५ लिटर, ट्रान्स्फर बॉक्स २.५, प्रत्येक अॅक्सल १.७५, प्रत्येक स्विव्हल अर्धा लिटर, सगळं ईपी-९०. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ प्रतीचं घ्या. कोणताही खालचा बूच उघडण्यापूर्वी वरचा, भरायचा बूच सुटतो का पाहा. तो अडकलेला असताना तेल सोडून दिलं की गाडी जागेवर खिळली.

ब्रेक: इथे काटकसर नाही

या गाडीतली एक यंत्रणा संपूर्ण नवी करायची असेल तर ती हीच. बहुतेक लाइटवेटमध्ये चारही चाकांना एकच ब्रेकचं मंडळ आहे. एक नळी फुटली की पॅडल जमिनीला टेकतं. मास्टर सिलिंडर, चार चाकांचे सिलिंडर, तीनही लवचिक नळ्या, शू आणि स्प्रिंगा नव्या घ्या. नळ्या ३/१६ इंची तांबे-निकेलच्या घ्या, त्या गंजत नाहीत आणि हातानं वळतात.

दहा इंची ड्रममध्ये प्रत्येक चाकाला एकच अॅडजस्टर असतो आणि तो एकाच शूला ढकलतो. स्प्रिंगांची जागा चुकणं ही नेहमीची गोष्ट, म्हणून दोन्ही बाजूंचे ड्रम एकदम उघडू नका. एक जुळलेलं उदाहरण समोर राहू द्या. शूला ग्रीसचं बोट लागलं तर ते टाकून द्या. पेट्रोलनं पुसून भागत नाही, गरम झाल्यावर ग्रीस परत वर येतं.

हवा काढण्यापूर्वी चारही अॅडजस्टर घट्ट करून शू ड्रमला टेकवा. मग पिस्टनना बाहेर सरकायला जागा कमी उरते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करा. डॉट-४ ब्रेक ऑइल वापरा, जुन्या बरणीतलं नाही. नंतर अॅडजस्टर चाक मोकळं फिरेपर्यंतच सोडा. पॅडल दोनदा मारल्यावर वर येत असेल तर हवेपेक्षा शूचं अंतर जास्त असल्याची शक्यता मोठी.

हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर बॉक्समागच्या ड्रमवर आहे. त्या बॉक्सचं मागचं सील गळलं की तेल थेट ड्रममध्ये जातं, म्हणून सील आणि शू एकत्रच बदला. हा ब्रेक प्रॉपेलर शाफ्टला धरतो. गाडी चालू असताना तो ओढला तर शाफ्टचे सांधे तुटू शकतात. तो फक्त उभ्या गाडीसाठी.

वायरिंग आणि दिवे

जुन्या हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) कापडी किंवा प्लॅस्टिक आवरण वाकवल्यावर तडकत असेल तर अख्खं बदला. तुकडे जोडत बसलात तर पुढची दोन वर्षं बिघाड शोधण्यात जातील. अॅल्युमिनियमच्या बॉडीवर अर्थिंग नेहमी दगा देतं. इंजिनपासून चासी, चासीपासून बल्कहेड आणि प्रत्येक मागच्या दिव्यापासून चासी अशा वेगळ्या जाड तारा टाका. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवा मिणमिणतो ही तक्रार दहापैकी नऊ वेळा अर्थिंगचीच.

लष्करी गाडीची ओळख सांगणारा एक छोटा भाग बहुतेकजण विसरतात. डॅशबोर्डवरचं फिरवायचं दिव्यांचं बटण एका ठिकाणी आणलं की बाकी सगळं बंद होऊन मागच्या अॅक्सलवरचा एकच लहान दिवा लागतो. त्याचा उजेड पांढऱ्या रंगवलेल्या डिफरन्शिअलवर (अॅक्सलवरच्या गोल पेटीवर) पडतो, आणि अंधारात ताफ्यातली मागची गाडी त्या फिकट वाटोळ्यावर नजर ठेवून चालते. आकाशातून काहीच दिसत नाही. दिव्याचं घर बहुतेक वेळा चिखलानं भरलेलं असतं. ते साफ करा, तार ओढा आणि डिफरन्शिअल पुन्हा पांढरं रंगवा.

रंग सर्वांत शेवटी

रंगाची निवड वर्षावरून करा. सुरुवातीच्या गाड्या डीप ब्राँझ ग्रीन, बीएस ३८१सी २२४, अर्धचमकदार. नंतर नेटो ग्रीन, बीएस ३८१सी २८५, निस्तेज, त्यावर काळे पट्टे. तुमच्या गाडीवर कोणता होता हे शोधायला डॅशबोर्डच्या मागची किंवा सीटखालची न दिसणारी जागा ओल्या १२०० नंबरच्या पेपरनं हळूहळू घासा. थर झाडाच्या खोडाच्या वलयांसारखे एकामागून एक दिसतात. युनिटची खूण किंवा जुना नंबर दिसला तर फोटो काढून मगच पुढे जा. ती जागा न रंगवता तशीच ठेवली तर त्याहून चांगलं.

घरी दोन घटकांचा आयसोसायनेट असलेला रंग फवारू नका, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. या गाडीला त्याची गरजही नाही. सैन्यातच त्या पुष्कळदा ब्रशनं रंगवल्या जात, त्यामुळे ब्रश आणि स्पंजचा छोटा रोलर यांनी दिलेला एक घटकाचा इनॅमल हाच खरा दिसतो. उघड्या अॅल्युमिनियमवर एच प्रायमर (धातूला किंचित कुरतडून धरणारा), पोलादावर झिंक प्रायमर, मग दोन पातळ हात. तापमान १० अंशांच्या वर आणि हवा कोरडी हवी; ब्रिटिश नोव्हेंबरात निस्तेज रंगावर ओल बसली की तो ढगाळ होतो. लहान डेंट भरू नका, उंच कोपरा लाकडी हातोड्यानं फक्त बसवा. पुट्टी भरून गुळगुळीत केलेला लष्करी ट्रक पाहिला की वाईट वाटतं. त्याच्या अंगावरचं आयुष्य कुणीतरी पुसून टाकलेलं असतं.

रस्त्यावर आणण्यापूर्वी आणि नंतर

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील मूळ स्वरूपातल्या गाडीला वार्षिक एमओटी (गाडी रस्त्यायोग्य आहे का याच्या) तपासणीतून सूट मिळू शकते. ती घेऊ नका. पहिल्या वर्षी तरी तपासणी करून घ्या. दुसऱ्याच्या डोळ्यांना ब्रेक डावीकडे ओढतो हे लगेच दिसतं, तुम्हाला सवय झालेली असते. चासी, अॅक्सल, इंजिन यांच्या कामाचे फोटो आणि पावत्या तारखेनुसार एका फायलीत ठेवा, नोंदणीबद्दल कुणी विचारलं तर तोच पुरावा. टायर दिसायला नवे असले तरी बाजूवरची तारीख वाचा, आणि क्रॉसप्लाय व रेडियल एकाच अॅक्सलवर मिसळू नका.

पहिले ३० किलोमीटर ताशी ५० किलोमीटरच्या वेगापुढे जाऊ नका. थांबून चारही ड्रमना हात लावा: एक इतरांपेक्षा गरम असेल तर शू घासतोय किंवा हबची मोकळीक नाही. गरम इंजिनाचा तेलाचा दाब मिनिटाला २००० फेऱ्यांना ३५ ते ६५ पीएसआय असायला हवा. १५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल आणि बल्कहेडचे बोल्ट पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा मोजा. पाटे बसल्यावर यू-बोल्ट जवळजवळ नेहमी पाव फेरा घेतात. ८०० किलोमीटरला इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही अॅक्सलचं तेल बदला, जुनं तेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि चुंबक फिरवा. बारीक राखाडी भुकटी चालते, चकाकता तुकडा चालत नाही. त्याच वेळी फ्लायव्हीलच्या घराखालचं भोक उघडं आहे ना हे बघा आणि खाली पुन्हा एकदा रात्रभर कागद ठेवा.